हिवाळी वटवटे ओळखायचे कसे: आधी जागा, मग आवाज, रंग सगळ्यात शेवटी

ब्लाइथ्स रीड वॉर्बलरचं वजन जेमतेम १० ते १२ ग्रॅम भरतं. एवढासा जीव फिनलंड, बाल्टिक देश आणि रशियातली विणीची ठिकाणं सोडून हिवाळा काढायला भारतात उतरतो. ऑगस्टअखेरीपासून पुढे सात-आठ महिने तो घाणेरीच्या जाळीत, बागेच्या कुंपणात, ओढ्याकाठच्या झुडपांत मुक्कामाला असतो आणि दिवसभर बोलत असतो. तरीही पक्षीनिरीक्षणात चांगले रुळलेले कितीतरी जण त्याला ओलांडून पुढे जातात. वटवटे, म्हणजे वॉर्बलर, अवघड असतात, हे त्यांना सुरुवातीलाच कुणीतरी सांगितलेलं असतं. मग पुस्तकात एकाच पानावर ओळीने बसलेले आठ-दहा तपकिरी, हिरवट पक्षी दिसले की उरलासुरला धीरही सुटतो.

माझं अनेक हिवाळ्यांनंतरचं ठाम मत असं, की वटवटे अवघड वाटतात ते पाहण्याचा क्रम उलटा पडल्यामुळे. बाकीचे पक्षी आपण रंगावरून ओळखायला शिकतो आणि तीच सवय इथेही लावतो. वटवट्याचा रंग ही त्याची सगळ्यात कच्ची खूण आहे. तो कुठे आहे, कसा हलतो आहे, काय बोलतो आहे हे आधी टिपलं, तर रंगाकडे वळेपर्यंत पंधरा-वीस शक्यतांपैकी दोन-तीनच हातात उरतात.

नावांबद्दल आधी थोडं. मराठी नावं प्रत्येक यादीत थोडी वेगळी सापडतात, म्हणून गटासाठी मी वटवटे हा शब्द ठेवला आहे आणि जातींची नावं निरीक्षक बोलताना वापरतात तशी इंग्रजीच लिहिली आहेत. म्हणजे कुठल्याही पुस्तकात ती चटकन सापडतील. आणखी एक सावधगिरी: इंटरनेटवर शोधताना अमेरिकेतल्या पिवळ्या-निळ्या-काळ्या, झगझगीत वॉर्बलरची माहिती ढिगाने समोर येते. ते वेगळ्या कुळातले पक्षी आहेत. त्यांच्या ओळखीचे नियम इथे लागू पडत नाहीत.

आधी दोनच पक्षी पक्के करा

पहिल्या हिवाळ्यात दोनच जाती शिकायच्या: ब्लाइथ्स रीड वॉर्बलर आणि ग्रीनिश वॉर्बलर. दोन्ही भारतीय द्वीपकल्पात दूरवर पसरलेले आणि माणसाच्या वस्तीजवळही राहणारे. पहिला तपकिरी, झुडपात खालच्या अंगाला वावरणारा. दुसरा हिरवट, झाडाच्या पानोऱ्यात वरच्या अंगाला. बहुतेक हिवाळी वटवटे या दोघांपैकी एकाच्या वळणाचे असतात, त्यामुळे हे दोघे पुढच्या सगळ्या तुलनेची मापं होतात. नवा पक्षी दिसला की ‘हा कोण?’ असं विचारण्यापेक्षा ‘हा ब्लाइथ्सपेक्षा कशात वेगळा?’ असं विचारावं. उत्तर लवकर मिळतं.

ही दोन नावं झोपेतही सांगता येईपर्यंत दुर्मीळ जातींच्या मागे लागू नका. दुर्मीळ पक्षी ओळखणाऱ्यांचं खरं बळ नेहमीचा पक्षी शेकडो वेळा नीट पाहिलेला असण्यात असतं.

तो स्थलांतरित वटवट्याच आहे ना?

इथले कायमचे रहिवासी आधी बाजूला काढा. शिंपी आणि वटवट्यांपैकी स्थानिक असलेले प्रिनिया यांची शेपटी लांब, अरुंद आणि बरेचदा उभारलेली असते. शिंप्याच्या डोक्यावर तांबूस झाक असते. प्रिनियाची शेपटी टोकाकडे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होते आणि तो ती सारखी झटकतो. पानोऱ्यातला हिरवा-पिवळा पक्षी दिसला तर डोळ्याभोवती पांढरं कडं आहे का ते बघा. असेल तर तो चष्मेवाला. चोच आखूड, पक्षी अगदी चिमुकला आणि बांडगुळाच्या आसपास असेल तर फुलटोच्या. सुभगची मादीही हिरवट-पिवळी असते, पण ती वटवट्यापेक्षा मोठी आणि चोचीने दणकट.

स्थलांतरित वटवट्याची चोच बारीक आणि सरळ असते, कीटक टिपण्यासाठीची. शेपटी मध्यम लांबीची. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यावर कमी-अधिक ठळक फिकट पट्टी असते, जिला आपण भुवई म्हणतो.

जागा आणि उंची

पूर्वी हे सगळे पक्षी एकाच मोठ्या कुळात गोळा केलेले होते. डीएनएच्या अभ्यासानंतर गेल्या काही दशकांत त्यांची वेगवेगळ्या कुळांत विभागणी झाली. आपल्या कामाची गोष्ट ही, की त्यांच्या राहण्याच्या जागाही बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत.

वड, पिंपळ, उंबर, चिंच अशा मोठ्या झाडांच्या पानांत असतात ते पर्णवटवटे. ग्रीनिश यांतला. जाळीदार झुडपं, कुंपणं, बांबूची बेटं यांच्या आत असतात ब्लाइथ्स आणि त्याचे भाऊबंद. पाणकणीस, बोरू, लव्हाळा यांच्या दाटीत क्लॅमरस रीड वॉर्बलर आणि पॅडीफील्ड वॉर्बलर. भातखाचरांच्या कडेलाही पॅडीफील्ड सापडतो. बाभळी, हिवर आणि बोरीच्या कोरड्या रानात लेसर व्हाइटथ्रोट, ईस्टर्न ऑर्फियन, बूटेड आणि साइक्स. ओलसर, दाट गवतात जमिनीलगत ग्रासहॉपर वॉर्बलर. उघड्या खडकांवर, दगडी भिंतींवर आणि झाडाच्या खोडांवर सरपटल्यासारखा चढणारा वटवट्या दिसला, तर तो बहुधा सल्फर-बेलिड वॉर्बलर. त्याची ही सवय इतकी वेगळी आहे, की पिसाचा एकही तपशील न बघता नाव मनात येतं.

रीड वॉर्बलर या नावाने मात्र फसू नका. ब्लाइथ्सला हिवाळ्यात बोरूची किंवा पाण्याची गरज नसते. साध्या कोरड्या कुंपणातही तो खुशाल राहतो. उलट, भरपूर पाणकणसातला तपकिरी वटवट्या म्हणजे ब्लाइथ्स असं आधीच धरून चालू नये. तिथे पॅडीफील्डची शक्यता आधी तपासावी.

जागेवरून नाव पक्कं होत नाही, फक्त यादी लहान होते. स्थलांतराच्या दिवसांत, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्रभर उडून पहाटे उतरलेला पक्षी मिळेल त्या झुडपात शिरतो. त्या काळात जागेला थोडं कमी वजन द्या. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण द्या.

हालचाल

पर्णवटवटे स्वस्थ बसत नाहीत. या पानावरून त्या पानावर, मध्येच पंख फडकावत, मध्येच हवेत क्षणभर थांबून पानाखालची अळी टिपत ते फिरतात. ब्लाइथ्सची चाल जड आणि दबलेली असते. तो फांद्यांमधून सरकतो, एका ठिकाणी दिसतो आणि दीड-दोन फुटांवर पुन्हा दिसतो. उत्तेजित झाला की डोकं आणि शेपटी दोन्ही वर उचलून शेपटी थोडी पसरवतो. बूटेड वॉर्बलर तपकिरी असूनही पर्णवटवट्यासारखा चपळ असतो. पंख आणि शेपटी सारखी झटकत तो बाभळीत आणि खालच्या रोपांवर फिरतो. ‘तपकिरी, पण फार चुळबुळ्या’ असं मनात आलं की बूटेडकडे संशयाने पाहावं. चिफचॅफ शेपटी वारंवार खाली दाबतो. ग्रासहॉपर वॉर्बलर उडण्याचं टाळतो आणि उंदरासारखा गवताच्या बुंध्यांमधून पळतो. पायाखालून निघून थोडंसं उडून पुन्हा गवतात बुडाला, एवढीच त्याची भेट बरेचदा घडते.

आवाज: खरी ओळख इथे होते

गिल्बर्ट व्हाइट या इंग्लिश निसर्गनिरीक्षकाने १७६८ साली लिहून ठेवलं, की एकच समजला जाणारा एक छोटा हिरवट पक्षी प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या जातींचा आहे, कारण तिघांचे आवाज कायम वेगळे असतात. आज आपण त्यांना चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वूड वॉर्बलर म्हणतो. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती आणि ध्वनिमुद्रणही नव्हतं. तो कान देऊन ऐकत होता. अडीचशे वर्षांनंतरही वटवट्यांच्या बाबतीत याहून भरवशाचा मार्ग नाही.

हिवाळ्यात गाणं कमी आणि साद जास्त ऐकू येते. साद म्हणजे एक-दोन स्वरांचा छोटा आवाज, संपर्कासाठी किंवा इशाऱ्यासाठी काढलेला. नर, मादी, पिल्लू सगळेच तो काढतात, म्हणून आपल्याला तोच शिकायचा आहे.

ब्लाइथ्सची साद कोरडी आणि टणक असते: ‘टक्… टक्’ किंवा ‘चेक्’. दोन लहान गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा आवाज. झुडपाच्या आतून तो थोड्या थोड्या अंतराने येत राहतो. एकदा हा आवाज ओळखीचा झाला की सकाळच्या एका फेरीत किती झुडपांतून तो येतो हे लक्षात येतं, आणि इतके पक्षी आजवर आपल्या शेजारी होते या जाणिवेने खरोखर आनंद होतो.

ग्रीनिशची साद याच्या उलट, गोड आणि दोन स्वरांची: ‘चि-स्ली’ किंवा ‘त्स्ली-वी’. उंच पानोऱ्यातून, एकसारखी. दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासांतून दिसलं आहे, की ग्रीनिश हिवाळ्यातही स्वतःची हद्द धरून राहतो आणि दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी ही साद वापरतो. त्यामुळे एका झाडावर तो सापडला, की पुढचे कित्येक आठवडे त्याच झाडाच्या आसपास सापडण्याची शक्यता दाट असते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय नाही. एक झाड निवडा आणि त्याच पक्ष्याला वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा पाहा.

साद दोनऐवजी तीन तुकड्यांची, ‘चि-रि-वी’ अशी वाटली, तर ग्रीन वॉर्बलरचा विचार करा. दुसरा स्वर ठळकपणे वर चढणारी ‘दिर-टी’ अशी साद सह्याद्रीच्या दाट जंगलातून आली, तर तो लार्ज-बिल्ड लीफ वॉर्बलर. हा पक्षी डोळ्यांनी ओळखायला वेळ लागतो, कानाने एका क्षणात ओळखतो. चिफचॅफची साद एकसुरी, थोडी केविलवाणी ‘पीप’. सल्फर-बेलिडची मऊ ‘क्विप’. क्लॅमरस रीड वॉर्बलर पाणकणसातून ‘कर्रा-कर्रा-कीट’ असा खरखरीत गोंगाट करतो. थिक-बिल्ड वॉर्बलर दाट झाडोऱ्यातून जोरकस ‘चॉक् चॉक्’ काढतो.

बाभळीत ‘टेक्’ असा टणक आवाज आला तर सावध राहा. लेसर व्हाइटथ्रोटची सादही ब्लाइथ्सच्या घराण्यातली वाटते. इथे कानाने सोडलेलं काम डोळ्याने पूर्ण करायचं.

शिकण्याची पद्धत सांगतो. झेनो-कांतो या संकेतस्थळावर जगभरच्या निरीक्षकांनी चढवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. तिथून एका वेळी एकाच जातीची साद घ्या, तीही भारतात हिवाळ्यात नोंदवलेली. युरोपातल्या विणीच्या काळातलं गाणं ऐकून इथल्या जानेवारीत उपयोग होत नाही. घरी ऐकून झालं की रानात जा आणि तोच एक आवाज शोधा. आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं मर्लिनसारखं ॲप मदतीला घ्यायला हरकत नाही, पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे शोधाची सुरुवात समजा. टणक ‘टक्’ सारख्या छोट्या आवाजांवर ॲप गोंधळू शकतं. आवाज ऐका, पक्षी शोधा, चोचीची हालचाल आणि आवाज जुळतोय हे पाहा, मगच नाव लिहा.

नजरेने पाहताना: ठेवण, चेहरा, मग बाकीचं

दुर्बीण ८×३२ किंवा ८×४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). १०× पेक्षा ८× बरी, कारण दृश्य रुंद मिळतं आणि चुळबुळ्या पक्षी निसटत नाही. दोन मीटरच्या आसपासचं जवळचं दृश्य स्पष्ट दिसायला हवं, कारण झुडपातला वटवट्या अनेकदा अगदी शेजारी असतो. साधनांबद्दल एवढंच पुरे.

पक्षी दिसला की पहिली नजर चेहऱ्यावर. भुवई कुठे सुरू होते, कुठे संपते, कुठे रुंद होते, तिच्यावर गडद कड आहे का? त्यानंतर चोच: लांब की आखूड, आणि खालची चोच पूर्ण फिकट की टोकाला काळपट? त्यानंतर शेपटी: टोक गोलसर की सरळ कापलेलं, बाहेरची पिसं पांढरट का? पाय काळे की फिकट? पंखावर आडवी फिकट पट्टी आहे का, एक की दोन? पक्षी तीन सेकंद दिसणार असेल तर या क्रमाने पहिल्या दोन गोष्टी तरी हाती लागतात.

पुस्तकांत पंखाच्या टोकाच्या लांबीबद्दल, म्हणजे मिटलेल्या पंखात पाठीलगतच्या पिसांपलीकडे उड्डाणपिसं किती बाहेर येतात याबद्दल, पुष्कळ लिहिलेलं असतं. ते महत्त्वाचं आहे, ब्लाइथ्समध्ये हा भाग आखूड असतो. पण हे मोजमाप छायाचित्रावरून करायचं काम आहे. सुरुवातीच्या वर्षात रानात त्याच्यामागे लागू नका.

रंगाला शेवटी का ठेवायचं? हिरव्या पानांतून गाळून आलेला प्रकाश पांढऱ्या पोटालाही हिरवट-पिवळं करतो. सकाळचं कोवळं ऊन तपकिरी पाठ तांबूस दाखवतं. पिसं झिजली की छटा फिकी पडते आणि पंखावरची पट्टी पुसट होते, कधी नाहीशीच होते. म्हणून पट्टी दिसली तर तो पुरावा आहे. दिसली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तपकिरी मंडळी

ब्लाइथ्स: पाठ सगळीकडे एकसारखी, किंचित हिरवट झाक असलेली तपकिरी. भुवई चोच आणि डोळा यांच्यामध्ये फुगीर, डोळ्याच्या मागे लगेच विरून जाणारी. चोच लांबट. शेपटीचं टोक गोलसर. चेहऱ्यावर कुठेही ठळक रेघ नाही. हे वर्णन नीरस वाटतं, आणि तो नीरसपणाच त्याची खूण आहे.

पॅडीफील्ड: भुवई डोळ्याच्या मागेही जाते आणि तिथे उलट रुंद, ठळक होते. भुवईच्या वर एक गडद कड असते. चोच ब्लाइथ्सपेक्षा आखूड, टोक गडद. शेपटी लांबट वाटते. चेहरा बघताच भाव वेगळा जाणवतो. ब्लाइथ्सचा चेहरा सपाट, याचा रेखलेला.

बूटेड: लहान, फिकट तपकिरी, चोच बारीक आणि आखूड, खालच्या चोचीचं टोक काळपट. भुवई स्पष्ट आणि तिच्यावर अस्पष्ट गडद कड. शेपटीचं टोक सरळ, बाहेरच्या पिसांच्या कडा पांढरट.

साइक्स: बूटेडचा जवळचा नातलग, पण चोच लांब आणि खालची चोच जवळजवळ पूर्ण फिकट. शेपटी लांब, भुवई डोळ्यामागे फिकी, एकूण पक्षी अधिक करडा आणि सपाट. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यात या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं. म्हणजे दख्खनच्या कोरड्या बाभूळवनाशी याचं नातं शास्त्राच्या दप्तरीही जुनं आहे. बूटेड आणि साइक्स वेगळे करायचे तर चोच बाजूने आणि खालून दिसायला हवी. ती दिसली नाही तर ‘बूटेड किंवा साइक्स’ एवढीच नोंद करा. ती पूर्ण नोंद आहे.

या तिन्ही-चौघांपेक्षा बराच मोठा, पाणकणसात, जाड लांब चोचीचा असेल तर क्लॅमरस. तेवढाच मोठा, पण झाडोऱ्यात, चोच जाड आणि आखूड आणि चेहऱ्यावर भुवईच नाही, असा असेल तर थिक-बिल्ड. भुवई नसल्यामुळे त्याचा काळा डोळा मोठा आणि उघडा वाटतो.

तपकिरी मंडळींपुढे नम्र का राहावं, हे एका पक्ष्याच्या इतिहासावरून कळतं. ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या मिळवला. त्याला लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर म्हणतात. पुढे जवळजवळ १४० वर्षं तो एकच नमुना जगाला माहीत होता. २००६ साली थायलंडमध्ये जाळ्यात एक जिवंत पक्षी सापडला आणि डीएनए जुन्या नमुन्याशी जुळला. त्यानंतर संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, तेव्हा ब्लाइथ्स म्हणून चिठ्ठी लावलेल्या कातड्यांतही हा पक्षी निघाला. काही वर्षांतच ईशान्य अफगाणिस्तानात त्याची वीण होते हेही उघड झालं. हातात धरून, मोजमापं घेऊन पाहणाऱ्यांच्या नजरेतून जो निसटला, त्याच्या भाऊबंदांना वीस फुटांवरून एका नजरेत नाव देण्याची घाई आपण का करावी?

पर्णवटवटे

ग्रीनिश माप म्हणून धरा: पाठ करडट हिरवी, पोट मळकट पांढरं, भुवई लांब आणि ठळक, पंखावर एक बारीक पट्टी, खालची चोच फिकट. आता तुलना करा. चेहरा आणि गळा पिवळसर असेल तर ग्रीन वॉर्बलर. तो काॅकेशस आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांतून येतो आणि दक्षिण भारत व श्रीलंकेत हिवाळा काढतो. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आणि पंखावर दोन पट्ट्या असतील, पक्षी मोठा असेल आणि जंगलातल्या मिश्र थव्यात फिरत असेल तर वेस्टर्न क्राउन्ड. अगदी चिमुकला, पंखावर दोन पट्ट्या, तोही उत्तर किंवा मध्य भारतात, तर ह्यूम्स. पंखावर पट्टी नाही, पाय आणि चोच काळी, अंग तपकिरी-करडं, पाण्याच्या कडेला, तर चिफचॅफ. पोट चांगलं पिवळं, पट्टी नाही, तर टिकेल्स. सह्याद्रीच्या दक्षिण भागात उंच पानोऱ्यात, पट्टी नसलेला, लांब बारीक गडद चोचीचा पक्षी काळजीपूर्वक पाहा. काश्मीर आणि वायव्य हिमालयात वीण करणारा टिटलर्स लीफ वॉर्बलर तिथे हिवाळा काढतो. त्याला संकटसमीप गणलं जातं, म्हणून त्याची प्रत्येक नीट नोंद मोलाची आहे.

ग्रीनिशबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याच्या वसाहतींची साखळी पसरली आहे. हिमालयातून एका बाजूने पश्चिमेकडून उत्तरेला, दुसऱ्या बाजूने पूर्वेकडून उत्तरेला. शेजारच्या वसाहतींत फरक थोडा थोडा वाढत जातो आणि सैबेरियात दोन टोकं समोरासमोर येतात, तेव्हा त्यांची गाणी इतकी बदललेली असतात की ते एकमेकांना जोडीदार म्हणून सहसा स्वीकारत नाहीत. नवी जात कशी घडते याचं हे जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या अंगणातल्या झाडावर ‘चि-स्ली’ म्हणत बसलेलं असतं.

बाभळीतले दोघे

लेसर व्हाइटथ्रोट: डोकं करडं, गाल त्याहून गडद, गळा स्वच्छ पांढरा, शेपटीच्या कडा पांढऱ्या. ईस्टर्न ऑर्फियन: त्याहून ठळकपणे मोठा, चोच दणकट, नराचं डोकं काळपट, प्रौढांचा डोळा फिकट. हे दोघे एकदा पाहिले की विसरत नाहीत.

नोंद कशी ठेवावी

पक्षी दिसेनासा झाला की पुस्तक उघडू नका. आधी मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात वर्णन बोलून ठेवा: जागा, उंची, हालचाल, साद, भुवई, चोच. पुस्तक आधी उघडलं की चित्रातल्या खुणा आठवणीत मिसळतात आणि आपण न पाहिलेलंही पाहिलं असं वाटू लागतं. साद ऐकू येत असेल तर मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करा. अर्धा मिनिट हलू नका, बोलू नका. एक सुंदर छायाचित्र मिळवण्यापेक्षा सलग पंधरा-वीस साधी छायाचित्रं घ्या. त्यांतल्या एखाद्यात चोचीचा खालचा भाग, एखाद्यात शेपटी, एखाद्यात मिटलेला पंख बाजूने सापडतो.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवताना नाव पक्कं नसेल तर गटाचं नाव निवडता येतं. ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद अभ्यासकाच्या कामाची असते. चुकीचं नक्की नाव मात्र नकाशा बिघडवतं.

एवढं टाळा

पक्षी बाहेर यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका. ग्रीनिशसारख्या हद्द राखणाऱ्या पक्ष्याला तो घुसखोर वाटतो आणि खाण्याचा वेळ तो त्या नसलेल्या शत्रूमागे घालवतो. झुडपं हलवू नका, पाणकणसात शिरू नका. त्यापेक्षा झुडपापासून चार-पाच मीटर दूर, सूर्य पाठीशी ठेवून दहा मिनिटं निश्चल उभे राहा. वटवट्या बहुतेक वेळा स्वतःच कडेला येतो. आणि पक्षी पकडणं, मग ते अभ्यासासाठी पायात कड्या घालण्यासाठी का असेना, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये परवानगीशिवाय करता येत नाही.

महिन्यांचा हिशेब

सप्टेंबर-ऑक्टोबर येण्याचे दिवस. पहाटे लवकर निघा, आदल्या रात्री उतरलेले पक्षी तेव्हा भुकेले आणि उघडे असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकण्याचे दिवस, पक्षी एका जागी स्थिरावलेले असतात. मार्चपासून मजा वाढते. निघण्याआधी ब्लाइथ्स गाऊ लागतो. एकेक तुकडा तीन-चार वेळा घोळवत, मध्ये स्वतःचीच ‘टक् टक्’ पेरत, इतर पक्ष्यांच्या नकला करत तो झुडपातून गातो. सकाळी लवकर ऐकलं तर कोणाकोणाची नक्कल चालली आहे हे मोजता येतं. ग्रीनिशही याच दिवसांत छोटं, धावतं गाणं म्हणू लागतो.

येण्याची पहिली तारीख बहुतेक जण लिहितात, जाण्याची शेवटची तारीख फार थोड्यांकडे असते. पक्षी नाहीसा झालेला आपल्याला नंतरच कळतो, हे त्यामागचं कारण. म्हणून मार्चच्या मध्यापासून तुमच्या ठरलेल्या झाडाजवळ आणि झुडपाजवळ प्रत्येक भेटीला ‘ऐकला’ किंवा ‘नाही ऐकला’ एवढं लिहीत चला. सलग पाच-सहा वेळा ‘नाही ऐकला’ आलं की त्याआधीचा ‘ऐकला’ ही त्या वर्षाची शेवटची तारीख. जूनमध्ये कुठे हिवाळी वटवट्याची साद कानावर आली, तर नुसती तारीख पुरणार नाही. ध्वनिमुद्रण करा, छायाचित्र घ्या आणि पूर्ण वर्णनासह नोंद चढवा.